ओले हात आणि काळे-पांढरे चौकोन

वेबसाइटचा आराखडा पास करण्याआधी क्लायंटला एसीतून उठवून मुंबईतल्या खारदांड्याच्या मासळीबाजारात उभं करावं, हे माझं कित्येक वर्षांचं मत आहे. आजवर एकही क्लायंट आलेला नाही, ती गोष्ट वेगळी. तिथं ऊन थेट स्क्रीनवर पडतं, बर्फाचं पाणी चपलांत शिरतं, भावाची घासाघीस टिपेला पोचलेली असते आणि समोरच्या मावशींचे दोन्ही हात पापलेट साफ करण्यात गुंतलेले असतात. ‘युजर एक्सपीरियन्स’ची याहून कडक परीक्षा मला ठाऊक नाही.

इतिहास उरकून टाकतो. १९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी वेब सगळ्यांना खुलं केलं. धंदेवाल्यांनी आधी छापील माहितीपत्रक त्यावर चढवलं, मग दुकान चढवलं, मग स्मार्टफोन आला आणि सगळं पुन्हा करावं लागलं. झालं.

माझा जीव अडकलाय तो मावशींच्या पाटीशेजारी टांगलेल्या क्यूआर कोडात. हा जन्मला जपानमध्ये, १९९४ साली, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. डेन्सो वेव्ह कंपनीच्या मासाहिरो हारांना ‘गो’ हा पटावरचा खेळ खेळताना काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांवरून ही कल्पना सुचली, असं ते सांगतात. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन नीट पाहा. त्यांच्या मध्यातून कोणत्याही दिशेनं रेघ ओढली, तरी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रमाण १:१:३:१:१ असंच येतं. छापील कागदांवर सर्वांत क्वचित आढळणारं प्रमाण कोणतं, हे शोधून हारांच्या चमूनं ते निवडलं. म्हणून आजूबाजूला कितीही गिचमिड असली आणि गिऱ्हाइकानं फोन कसाही तिरपा धरला, तरी कॅमेऱ्याला कोड सापडतो.

त्यातही खरी करामत चूकदुरुस्तीची. १९६० मध्ये रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी मांडलेल्या पद्धतीनं कोडात जादा माहिती भरलेली असते. या चूकदुरुस्तीच्या चार पातळ्या आहेत. सगळ्यांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर वाचता येतो. बोंबलाचं पाणी उडालं, खवलं चिकटलं, लॅमिनेशनच्या आत ओल शिरली, तरी पैसे येतात. डेन्सो वेव्हनं पेटंट घेऊनही त्याचा हक्क बजावला नाही, म्हणून हा कोड फुकटात आपल्यापर्यंत पोचला. इथून काही किलोमीटरवर, वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या एनपीसीआय (नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया) या संस्थेनं २०१६ मध्ये यूपीआय आणलं आणि या चौकोनाला खरं काम मिळालं.

पण पैसे आले हे मावशींना कळणार कसं? मोबाइलची काच दाब ओळखत नाही, बोटामुळं विजेच्या भारात पडणारा फरक टिपते. खारं पाणीही वीज वाहून नेतं, त्यामुळं ओलं बोट लागलं की काच गोंधळते. शिवाय गिऱ्हाइकानं दाखवलेला स्क्रीनशॉट खरा कशावरून? यावर उतारा निघाला साउंडबॉक्स. स्वतःचं सिमकार्ड, एक स्पीकर, पडदा नसला तरी चालतं. “मावशी, पाठवले हो साडेचारशे.” “थांब रे, त्याला बोलू दे.” डबा बोलला की सुरी पुन्हा चालू. माझ्या धंद्यातल्या गेल्या काही वर्षांतल्या कुठल्याही देखण्या होमपेजपेक्षा हा डबा मला मोठा वाटतो.

मासेविक्रीच्या वेबसाइटी मात्र याच्या उलट्या. उघडताच निळ्या समुद्राचा व्हिडिओ, मग ‘आमचा प्रवास’, आणि भाव चौथ्या क्लिकनंतर. करड्या पार्श्वभूमीवर फिकट करडी अक्षरं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५:१ असावं, हा सुगम्यतेचा आंतरराष्ट्रीय निकष उन्हात उभं राहिल्यावर लगेच पटतो. आणि फोटो! लिंबाच्या फोडी, कोथिंबीर, तळलेली तुकडी. अहो, बाजारात आपण आधी कल्ला उचलून लाल आहे का बघतो, डोळा बघतो, बोटानं दाबून बघतो. मग कल्ल्याचा फोटो का नाही? मावशींच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर तो असतो: पाटीत ओळीनं मांडलेली सुरमई, खाली भाव आणि ‘११ पर्यंत या’. कंटेंट रायटिंगचा वर्ग कुणी काढलाच, तर हे पहिलं उदाहरण द्यावं.

गेल्या पावसाळ्यात एका ॲपवर, भर जुलैत, ‘आज सकाळीच मुंबईच्या बोटीवरून’ अशा ओळीखाली पापलेट विकायला होतं. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी जूनच्या मध्यात उठते. मासा तिकडचा असेल, शीतगृहातला असेल, त्यात गैर काही नाही, पण तसं लिहा ना. मावशी त्या दिवसांत सुकट आणि सुके बोंबील पुढं मांडतात, आणि बर्फातलं पापलेट असलंच तर विचारण्याआधीच सांगतात, “बर्फाचं आहे, कालवणाला ने, तळायला नको.”