बब्सी : वेग दिला, नजर दिली नाही

जुने खेळ, नव्याने – भाग सहावा

मागच्या आठवड्यात आपण सेगाच्या सोनिकचा खेळ आतून उघडून पाहिला. जून १९९१ मध्ये तो अमेरिकेत आला आणि त्यानंतरची काही वर्षं प्रत्येक खेळकंपनीला स्वतःचा एक नखरेल प्राणी हवासा झाला. झूल आला, एरो नावाचं सर्कशीतलं वटवाघूळ आलं, ऑसम पॉसम आला, रॉकी रोडन्ट आला, १९९५ मध्ये गेक्स नावाची पाल आली. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तेच खोडकर हसू, प्रत्येकाचा तोच पळापळीचा खेळ. या सगळ्यांत ज्याची सर्वाधिक जाहिरात झाली आणि पुढे ज्याची सर्वाधिक टिंगल झाली, तो म्हणजे ॲकोलेड कंपनीचा बब्सी. उद्गारचिन्ह छापलेला पांढरा टीशर्ट घातलेला बॉबकॅट.

मी राहतो त्या ॲरिझोनातल्या चँडलर गावाला अशा लाटेची जुनी ओळख आहे. १९१२ मध्ये हे गाव वसवणारे डॉ. अलेक्झांडर जॉन चँडलर पेशाने जनावरांचे डॉक्टर. त्या काळी बायकांच्या हॅटवर शहामृगाची पिसं खोचायची फॅशन होती, म्हणून या भागात शहामृगांचे कळप पाळले गेले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फॅशन उतरली आणि धंदाही बसला. १९८९ पासून गावात त्या आठवणीचा शहामृग महोत्सव भरतो. प्राणी उत्तम होता, बाजाराने मात्र एकाच वेळी एकाच प्राण्यावर सगळी भिस्त ठेवली. नव्वदच्या दशकात अमेरिकी खेळकंपन्यांनी नेमकं हेच केलं.

बॉबकॅट तर इथलाच. आखूड शेपटीचं, ठिपकेदार अंगाचं हे रानमांजर ॲरिझोनाच्या वाळवंटात आणि डोंगरांत सर्रास आढळतं. फिनिक्सच्या आसपासच्या उपनगरांत घरामागच्या भिंतीवरून आरामात चालत गेलेलंही लोकांनी पाहिलंय. टूसॉनच्या ॲरिझोना विद्यापीठाने १९१५ मध्ये आपल्या संघाचं प्रतीक म्हणून खराखुरा बॉबकॅट आणला होता आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या नावावरून त्याचं नाव ‘रूफस ॲरिझोना’ ठेवलं होतं. खरा बॉबकॅट दबा धरतो, ऐकतो, बघतो, मग झडप घालतो. पडद्यावरचा बॉबकॅट याच्या अगदी उलट वागतो, आणि त्याच्या खेळाचं सगळं दुखणं तिथेच आहे.

पहिला भाग १९९३ मध्ये सुपर निन्टेन्डो आणि सेगा जेनेसिस या दोन्ही यंत्रांवर आला. ‘बब्सी इन क्लॉज एन्काउंटर्स ऑफ द फर्ड काइंड’ हे लांबलचक नाव स्पीलबर्गच्या १९७७ च्या चित्रपटाच्या नावावर कोटी करून बेतलेलं. कथा एवढीच की वूली नावाचे परग्रहवासी पृथ्वीवरचे लोकरीचे गुंडे पळवतात आणि बब्सी ते परत मिळवायला निघतो. हाताशी नऊ जीव, पुढ्यात सोळा प्रकरणं. गावाजवळचं रान, जत्रा, मग तांबड्या दऱ्याखोऱ्यांचं पश्चिमेचं वाळवंट असा प्रवास. या वाळवंटाच्या पातळ्या मी इथे बसून खेळतो तेव्हा चित्रकारांच्या रंगांना मनापासून दाद द्यावीशी वाटते. खडकांचा तो तांबूसपणा खोटा नाही.

मात्र बाजारात येण्याआधीच बब्सी इतका गाजवला गेला होता की ‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’ या मासिकाने त्या वर्षी ‘सर्वाधिक गाजावाजा झालेलं पात्र’ असा मान त्याच्याच गळ्यात घातला. टीव्हीसाठी कार्टूनचा एक नमुना-भागही १९९३ मध्ये बनला. दुसरा कधी आला नाही.

आता खेळाकडे. पात्र पळतं, उडी मारतं, आणि एक बटण दाबून धरलं की हात पसरून तरंगत खाली येतं. हे तरंगणं सुरेख जमलंय. पण बटण न दाबता उंचावरून खाली आलात तर बब्सी मरतो. मांजर उंचावरून पडलं तरी चार पायांवर उतरतं, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक असतं, आणि इथे मांजराच्याच खेळात उंचीची शिक्षा मृत्यू. कुणा शत्रूचा, काट्याचा, वरून पडणाऱ्या वस्तूचा एकदा स्पर्श झाला तरीही मृत्यूच. लोकरीचे गुंडे कितीही जमवा, धक्क्यापासून ते वाचवत नाहीत.

नियम कडक असणं हा दोष नाही. कडक नियमांचे कितीतरी उत्तम खेळ आहेत. दोष काय आहे ते समजायला थोडं गणित करू, आणि त्यासाठी सोनिककडेच परत जाऊ. जेनेसिसवर सोनिकचं चित्र ३२० पिक्सेल रुंद आणि २२४ पिक्सेल उंच. पहिल्या सोनिकमध्ये सपाट जमिनीवर तो स्वतःच्या पायांनी जास्तीत जास्त प्रत्येक चौकटीला ६ पिक्सेल पळतो. सेकंदाला ६० चौकटी, म्हणजे सेकंदाला ३६० पिक्सेल. सोनिक साधारण पडद्याच्या मध्यावर असतो, त्यामुळे त्याच्या पुढे १६० पिक्सेल वाट दिसते. ती वाट संपायला अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी, सुमारे ०.४४ सेकंद लागतो. दिसलेल्या गोष्टीवर बोट हलवायला माणसाला पाव सेकंदाच्या आसपास लागतोच. म्हणजे विचार करायला उरतात सेकंदाचे दोन दशांश. सुपर निन्टेन्डोचं नेहमीचं चित्र तर २५६ पिक्सेलच रुंद. तोच वेग धरला तर समोरची वाट ०.३६ सेकंदांत संपते.

सोनिक बनवणाऱ्यांना हे पक्कं माहीत होतं. प्रोग्रामर युजी नाका, पात्र रेखाटणारे नाओतो ओशिमा आणि पातळ्या रचणारे हिरोकाझू यासुहारा या तिघांनी खेळाडू आदळणारच हे गृहीत धरूनच खेळ रचला. म्हणून त्यांनी सोन्याच्या कड्या ठेवल्या. हातात एक जरी कडी असली तरी धक्का बसल्यावर कड्या उधळतात आणि सोनिक वाचतो. घाबरत पुन्हा एकदोन कड्या गोळा करायच्या आणि परत पळायचं. ज्याला पळू द्यायचंय त्याच्या चुकीला माफी आधीच लिहून ठेवायची, हा त्या खेळाचा गाभा.

ॲकोलेडने सोनिकचा वेग घेतला, बेफिकिरी घेतली, कड्यांऐवजी गुंडेही घेतले. पण कड्यांमधली माफी घेतली नाही. थांबून, बटण दाबून आजूबाजूला पाहण्याची सोय दिली खरी. पण मग पळायचं कधी? पळाल तर दिसत नाही आणि पाहत बसाल तर पळण्याचा खेळ उरत नाही.

इथे मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. हा खेळ रचणारे मायकेल बर्लिन कुणी नवखे नव्हते. त्याआधी ते इन्फोकॉम या कंपनीत शब्दांवर चालणारे खेळ लिहीत. १९८३ चा ‘सस्पेंडेड’ हा त्यांचा खेळ आजही त्या प्रकारातला धाडसी प्रयोग आहे. त्यात खेळाडू शीतपेटीत गोठवून ठेवलेला माणूस असतो. त्याला स्वतःला काही दिसत नाही. सहा यंत्रमानव त्याच्या हुकमात असतात आणि त्यांतल्या एकालाच, आयरिसला, दिसतं. ऑडा ऐकते, सेन्सा कंपनं टिपते, पोएट वेड्यासारखं काव्यात बोलतो. प्रत्येकजण जगाचा एक तुकडा सांगतो आणि ते तुकडे जुळवून ग्रह वाचवायचा. खोक्यात नकाशा मिळायचा, त्यावर यंत्रमानवांच्या सोंगट्या सरकवायच्या आणि वाटेल तितका वेळ विचार करायचा. न दिसणं हाच तिथे खेळ होता, आणि त्याची पूर्ण भरपाई खेळाडूच्या हातात दिलेली होती. त्याच लेखकाने दहा वर्षांनी पुन्हा एकदा खेळाडूची नजर कमी केली, पण या वेळी ना नकाशा दिला, ना वेळ. मला हे एका प्रतिभावान माणसाचं दुसऱ्याच्या लाटेत वाहत जाणं वाटतं. बर्लिन २०२३ मध्ये गेले. त्यांच्या नावापुढे बब्सीची चेष्टाच फार वेळा लिहिली जाते आणि ‘सस्पेंडेड’ फार कमी वेळा, याचा मला मनापासून खेद आहे.

कंपनीलाही दोष कळला होता. बर्लिन यांच्याशिवाय बनलेल्या १९९४ च्या दुसऱ्या भागात बब्सीला एकाहून जास्त धक्के सोसता येतात. तो भाग मात्र इतका विस्कळीत आहे की दुरुस्तीचा उपयोग झाला नाही.

शेजारच्या घरातल्या सातवीतल्या मुलाला मी पहिला भाग खेळायला बसवलं. इथली बरीचशी मराठी घरं चिपच्या कारखान्यांमुळे आलेली. इंटेल चँडलरमध्ये १९८० पासून आहे. जेनेसिसच्या पोटात जे ६८००० जातीचं प्रोसेसर होतं ते मोटोरोलाचं, आणि मोटोरोलाचा इथला कारखाना आज एनएक्सपीकडे आहे. त्यामुळे ही मुलं यंत्राकडे पाहतात ती त्याचं पोट उघडायच्याच नजरेने. थोडा वेळ खेळून तो म्हणाला, “काका, हा बोका पळतोय कशाला? पुढचं काही दिसतच नाहीये!” तीस वर्षांच्या समीक्षेचं सार एका वाक्यात आलं. मग मी त्याला वेळ मागे नेण्याचं बटण दाखवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या ‘बब्सी इन द पर्फेक्ट कलेक्शन’ या संग्रहात ही सोय आहे. मेलात की चारदोन क्षण मागे जायचं आणि पुन्हा उडी घ्यायची. खेळ तत्क्षणी बदलला. मरण्याची भीती गेल्यावर त्याला बब्सीच्या मरण्याची चित्रं दिसू लागली. कधी घडी पडल्यासारखा चिरडतो, कधी तुकडे तुकडे होऊन कोसळतो. प्रत्येक मरण वेगळं रेखाटलंय आणि त्यावर खूप मेहनत घेतलेली आहे. तो हसत हसत पुढे जात राहिला. ज्या माफीची उणीव होती ती बाहेरून पुरवल्याबरोबर खाली एक चांगला, विनोदी खेळ निघाला. पातळ्यांमधले चोरदरवाजे, घसरगुंड्या, उंचावरून तरंगत सापडणाऱ्या लपलेल्या वाटा, हे सगळं तेव्हा दिसतं.

तिसऱ्या परिमाणातल्या बब्सीची गोष्ट वेगळी, आणि तिथे मी टीकाकारांपेक्षा जास्त सहानुभूतीने बोलेन. ‘बब्सी ३डी’ १९९६ मध्ये प्लेस्टेशनवर आला. बर्लिन आणि इन्फोकॉममधले त्यांचे जुने सहकारी मार्क ब्लँक यांच्या आयडेटिक या कंपनीने तो बनवला. त्या काळी प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला फिरणारी दांडी नव्हती, बाणांची बटणंच होती. त्यामुळे डावं-उजवं दाबलं की बब्सी जागच्या जागी वळतो, पुढचं दाबलं की त्या दिशेने चालतो. रणगाडा हाकावा तसं. पृष्ठभागांवर सपाट, भडक रंग, त्यामुळे उडी मारताना समोरची फळी किती दूर आहे याचा अंदाजच येत नाही. पुन्हा नजरेचाच प्रश्न! त्याच वर्षी सुपर मारिओ ६४ ने निन्टेन्डोच्या नव्या कंट्रोलरवरची दांडी आणि पात्रामागे फिरणारा कॅमेरा आणून हा प्रश्न सोडवला, आणि दोन्ही खेळ एकाच हंगामात दुकानांत लागले. आयडेटिकने एका न सुटलेल्या प्रमेयावर प्रामाणिक हात टाकला होता, आणि उत्तर चुकलं. तीच मंडळी १९९९ मध्ये ‘सायफन फिल्टर’ घेऊन आली, तो गाजला, आणि सोनीने ती कंपनीच विकत घेतली. आज ती बेंड स्टुडिओ म्हणून ओळखली जाते.

ॲकोलेडबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण या लेखमालेतला प्रत्येक जुना खेळ आपण आज खेळू शकतो त्यात तिचा वाटा आहे. सेगाच्या परवान्याशिवाय जेनेसिसवर खेळ चालवण्यासाठी या कंपनीने सेगाच्या काडतुसांमधला कोड उलगडून अभ्यासला. सेगाने १९९१ मध्ये खटला भरला. १९९२ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ॲकोलेडच्या बाजूने निकाल दिला. दुसऱ्या यंत्राशी जुळवून घेण्यासाठी कोड उलगडून पाहणं हा रास्त वापर आहे, असं त्या निकालाने ठरवलं. जुन्या यंत्रांची हुबेहूब नक्कल करणारी सॉफ्टवेअरं ज्या कायदेशीर जमिनीवर उभी राहिली, तिचा हा एक मोठा दगड आहे. बब्सी विसरलात तरी चालेल, हा निकाल विसरू नका.

आणि या बदनाम बोक्याचं सर्वांत सुंदर पुनरागमन कुठल्याही कंपनीने केलेलं नाही. २०१३ मध्ये आर्केन किड्स या छोट्या गटाने ब्राउझरवर फुकट खेळता येणारा एक खेळ केला. त्यात ‘बब्सी ३डी’तला बब्सी प्रकाशकलावंत जेम्स टरेल यांचं प्रदर्शन पाहायला संग्रहालयात जातो. टरेल यांचं आयुष्यभराचं काम ॲरिझोनातच चाललंय. फ्लॅगस्टाफजवळचं रोडन क्रेटर हे मृत ज्वालामुखीचं विवर त्यांनी १९७७ मध्ये घेतलं आणि आकाश पाहण्याचं स्थान म्हणून ते घडवत आहेत. चँडलरच्या शेजारी टेंपीत, ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या आवारात त्यांचं ‘एअर ॲपॅरंट’ आहे. छताला चौकोनी मोकळी जागा, खाली बसायला बाकं, पहाटे आणि संध्याकाळी भिंतींवरचे रंग बदलत जातात तसतसा आकाशाचा रंगही बदलल्यासारखा वाटतो. पाहणं हेच काम असलेली जागा. ज्या पात्राच्या खेळात कधी काही धड दिसलंच नाही त्याला आर्केन किड्सनी नेमकं तिथे आणून उभं केलं, ही निवड मला अतिशय जाणतेपणाची वाटते.

आता निवाडा. पहिला भाग जरूर खेळा, मागे जाण्याचं बटण हाताशी ठेवून आणि त्याबद्दल जराही लाज न बाळगता. दुसरा सोडा. ‘बब्सी ३डी’ थोडा वेळ खेळा आणि लगेच सुपर मारिओ ६४ लावा, त्या वर्षी काय बदललं ते पुस्तकापेक्षा लवकर कळेल. आणि कुणाच्या घरी, पुण्यात असो की फिनिक्समध्ये, माळ्यावर सोळा बिटांची जुनी काडतुसं पडलेली असतील तर ती रद्दीत घालू नका. खोकं, माहितीपुस्तिका, सगळं एकत्र ठेवा, आणि खेळ वाईट म्हणून टाकून देण्याआधी एकदा तो मुलांच्या हातात द्या.

पुढच्या आठवड्यात : क्रॅश बँडिकूट, आणि कॅमेरा पाठीमागे बांधून टाकण्याची युक्ती.