अ‍ॅक्सल बदलताना: काही समज आणि वस्तुस्थिती

‘ड्राइव्ह शाफ्ट म्हणजे गाडीखालून मागे जाणारा लांब दांडा’ असं अजूनही अनेकजण धरून चालतात. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होणाऱ्या पद्मिनीला तसा दांडा होता, कारण इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांवर. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, ती पुढच्या चाकांवर चालणारी. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत गिअरबॉक्समधून पुढच्या दोन्ही चाकांकडे एकेक आखूड शाफ्ट जातो. गॅरेजात त्यालाच अ‍ॅक्सल म्हणतात.

‘आवाज आला म्हणजे अ‍ॅक्सल गेला’ हेही खरं नाही. स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवताना कट-कट वाजलं तर शाफ्टच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा, म्हणजे बाहेरचा सीव्ही जॉइंट, झिजलेला असू शकतो. पिकअप घेताना थरथर जाणवली तर आतला जॉइंट तपासा. वेगाबरोबर वाढणारी घरघर मात्र बहुधा व्हील बेअरिंगची. तिथे अ‍ॅक्सल बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

सगळ्यात महागात पडतो तो रबरी बुटाबद्दलचा निष्काळजीपणा. ‘नुसतं रबर तर फाटलंय!’ पण जॉइंटचं ग्रीस त्याच बुटात असतं. बूट चिरला की फिरत्या चाकाबरोबर ग्रीस बाहेर उडतं आणि अंधेरी सबवेत तुंबलेलं पाणी, रेती आत शिरते. आवाज सुरू होण्याआधी बूट आणि ग्रीस बदललं तर जॉइंट वाचतो. वाजायला लागल्यावर कितीही ग्रीस भरा, झीज भरून येत नाही. म्हणून पावसाळ्याआधी, मे महिन्यातच चाकामागे वाकून ग्रीसचे शिंतोडे दिसतात का, ते पाहाच.

अ‍ॅक्सल घरी बदलता येतो. पण डिकीतला जॅक फक्त टायर बदलण्यासाठी असतो. या कामाला मजबूत स्टँड आणि सपाट, पक्की जमीन हवी. सोसायटीच्या उतारावर हे करूच नका. हबचा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावा. परत बसवताना नवा नट घ्यावा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने टॉर्क रेंचनेच आवळावा. शाफ्ट धरून ओढला तर आतला जॉइंट निखळतो. म्हणून शाफ्ट गिअरबॉक्सपाशी टॉमीने उचकटून काढावा. तेव्हा गिअर ऑइल सांडतं, ते नंतर भरायला विसरू नका.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने पार्ट मिळतात. ‘डावा-उजवा सारखाच’ समजून मात्र घेऊ नका. बऱ्याच गाड्यांत लांबी वेगळी असते, काहींत एबीएसची रिंगही असते. आपला काढलेला अ‍ॅक्सल सोबत न्या आणि लांबी, दाते जुळल्यावरच पैसे द्या.