दुपारी रिकामा होणारा गंज

मूलहून चंद्रपूरला माणूस बहुधा कामासाठीच जातो. जिल्हा कचेरी, न्यायालय, मोठा दवाखाना, लग्नाचा बस्ता, मुलांचे प्रवेश. एसटीने जायचं, नाहीतर गोंदिया–बल्लारशा मार्गावरची गाडी मूल मारोड्याला धरून चांदा फोर्टला उतरायचं. काम उरकेपर्यंत दुपार होते आणि मग कुणीतरी म्हणतं, आज बाहेर बसून निवांत मटण खाऊ. असं जेवण वर्षातून काही वेळाच होतं. त्यासाठी पैसा मोजलेला असतो, घरची माणसं सोबत असतात, म्हणून जागा चुकली की ते मनाला लागतं. बहुतेक जण जागा निवडताना पाटी, दिवे, वातानुकूलित खोली आणि मेनूकार्डाची जाडी पाहतात. या खुणांवरून मटणाबद्दल काहीच कळत नाही, असं माझं मत आहे. पाहायचा असतो तो गंज. उभट, खोल पातेल्याला आपल्याकडे गंज म्हणतात. ज्या भोजनालयात मोजकेच पदार्थ रांधले जातात, सकाळी चढवलेला गंज दुपारपर्यंत तळाला जातो आणि नंतर आलेल्याला 'मटण संपलं' असं सरळ सांगितलं जातं, ते भोजनालय निवडावं. या आग्रहामागे मांसाचा, बोकडाचा आणि धंद्याचा हिशेब आहे.

सुरुवात थोडी दुरून, स्टेकपासून करू, कारण शहरातल्या नव्या हॉटेलांच्या कार्डावर हा शब्द आता दिसू लागला आहे. स्टेक म्हणजे मोठ्या जनावराच्या मांसाचा जाड काप, तापलेल्या तव्यावर किंवा निखाऱ्यावर काही मिनिटांत भाजलेला. त्यासाठी पाठीकडचे असे स्नायू लागतात ज्यांना जनावराच्या चालण्याफिरण्यात फारसं काम पडत नाही. शिवाय ते मांस गोठणबिंदूच्या जरा वर, थंडाव्यात, दोन-चार आठवडे मुरवून मऊ केलेलं असावं लागतं. अमेरिकेत किंवा अर्जेंटिनात स्टेकची खास हॉटेलं उभी राहिली ती यामुळेच. तिथं मांसासाठीच वाढवलेली, भरपूर चारलेली गुरं होती आणि शीतगृहांची साखळी होती. महाराष्ट्रात 1976 च्या पशुसंरक्षण कायद्यातली दुरुस्ती मार्च 2015 मध्ये लागू झाली आणि गाईसोबत बैल व वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यामुळे मुंबई-पुण्यात आज मोठ्या जनावराचा स्टेक म्हणून जे मिळतं ते बहुधा म्हशीवर्गातल्या जनावराचं मांस असतं. तेही चांगलं करता येतं, पण त्यासाठी खात्रीचा पुरवठा, थंड साठवण आणि ते रोज मागणारं गिऱ्हाईक लागतं. जिथं आठवड्यातून दोन माणसं स्टेक मागतात, तिथं तो काप बर्फात पडून राहणार हे उघड आहे. म्हणजे स्टेक चांगला की वाईट हा वाद बाजूला ठेवला, तरी तो ज्या व्यवस्थेवर उभा असतो ती व्यवस्था त्या गावात आहे का, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे मटण म्हणजे बोकड, आणि बोकडाचा स्वभाव अगदी वेगळा. आपल्या भागातला बोकड बांधावर, पडीत रानात, जंगलाच्या कडेला चरून वाढतो. दिवसभर चालतो, काट्याकुट्यातला पाला ओरबाडतो. त्याच्या अंगावर चरबी कमी आणि स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट धागे जास्त. या धाग्यांमधलं कोलॅजेन नावाचं द्रव्य झटपट भाजून सुटत नाही. ओलसर उष्णतेत, उकळीच्या जरा खाली, बराच वेळ ठेवलं की ते हळूहळू विरघळून रश्श्यात उतरतं. रस्सा बोटाला किंचित चिकटतो, खुराचा रस्सा गार झाल्यावर थिजतो, तो याच द्रव्यामुळे. चिवट जनावराला मंद आच, हाडासकट तुकडे, खोल भांडं आणि वेळ लागतो. हीच गोष्ट वीस मिनिटांत ताटात आणायची म्हटली की स्वयंपाकी आधी शिजवून ठेवलेले तुकडे निरनिराळ्या ग्रेव्हीत टाकतो. कार्डावर मटण कढाई, मटण कोल्हापुरी, मटण मसाला अशी पाच नावं असतात, तुकडे मात्र एकाच डब्यातले. जाड कार्डाचा हा खरा अर्थ आहे.

आता बोकडाचा हिशेब करू. पंचवीस किलोचा बोकड कापला तर साधारण निम्मं, म्हणजे अकरा-बारा किलो मटण हाती येतं. एका ताटात हाडासह दीडशे ग्रॅम धरलं तर पंचाहत्तर-ऐंशी ताटं झाली, आणि काळीज, खूर, मुंडी, आतडी यांचे पदार्थ वेगळे. जे भोजनालय रोज ऐंशी ताटं वाढतं, त्याला आजचा बोकड आजच संपवता येतो. जिथं मटणाची पंधरा ताटं जातात आणि कार्डावर मात्र मासा, झिंगे, चिकन, पनीर, नूडल्स सगळंच आहे, तिथं शिल्लक राहणार आणि ती कुठेतरी ठेवावी लागणार. नीट थंड ठेवून पुन्हा वाफाळेपर्यंत तापवलं तर त्यात धोका नाही. पण पाच ते साठ अंश सेल्सियस या टप्प्यात शिजलेलं मांस तासन् तास राहिलं की जंतू वेगाने वाढतात, आणि उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तिथं वीज गेली तर फ्रीजच्या भरवशावर किती राहायचं? रिकामा झालेला गंज हा प्रश्नच मिटवतो. खेड्यात चार घरं मिळून बोकड घेतात, सकाळी वाटे पडतात, रात्री चुलीवरचं पातेलं पुसून घेतलं जातं. ही समज आपल्या घरात आहेच. शहरात गेल्यावर ती विसरू नये, एवढंच मागणं आहे.

सावजी भोजनालयांची मांडणी हीच आहे, म्हणून या कसोटीवर ती पुष्कळदा उतरतात. सावजी हे नागपुरातल्या हलबा कोष्टी समाजाशी जोडलेलं नाव. हातमागावर लुगडी विणणारी ही माणसं. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1877 च्या पहिल्या दिवशी नागपुरात सुरू झाली आणि गिरण्यांच्या काळात हातमागाचा धंदा ओसरत गेला. पुढे गिरण्याही बंद पडत गेल्या. माग सुटलेल्या घरांतल्या काहींनी आपल्या चुलीलाच धंदा केलं. घराच्या पुढच्या खोलीत बाकडी टाकली, घरचं मटण विकायला काढलं. स्वयंपाकघर घराचं असल्यामुळे पदार्थ मोजकेच राहिले. मटण, चिकन, खूर, खिमा, कलेजी, भेजा, आतड्यांची सुंदरी, आणि मांस न खाणाऱ्यासाठी पाटवडीचा रस्सा, डाळकांदा, वांगं. एका जनावराचं काही वाया जाऊ न देणारी ही यादी आहे. मसाल्यात काळी मिरी, दगडफूल, खसखस, भाजलेलं खोबरं, जुन्या घरांत जवसाचं तेल. नागपूरहून ही पद्धत चंद्रपूर, वर्धा, भंडारा, यवतमाळपर्यंत आली. पाटीवर 'सावजी' लिहिलं की झालं असं मात्र मानू नये. हा शब्द कुणीही रंगवून घेतो, आणि मग त्याच पाटीखाली चायनीज आणि तंदुरीचीही नावं येतात. तिथं गंजाची कसोटी पुन्हा लावावी.

पहिला आक्षेप तिखटाचा. सावजी म्हणजे डोळ्यांतून पाणी, मग लहान पोरं आणि म्हातारी माणसं घेऊन निवांत कसं बसायचं? आक्षेप खरा आहे. मूलसारख्या धानाच्या मुलखातल्या घरात रस्सा पातळ आणि भात भरपूर असतो. तिथल्या माणसाला हा घट्ट, काळसर रस्सा जड जातो. यावर दोन गोष्टी सांगता येतात. एक, वर तरंगणाऱ्या तर्रीत मिरचीचा जहालपणा सर्वांत जास्त असतो, कारण तिखटपणा देणारं द्रव्य तेलात उतरतं. वाढणाऱ्याला 'तर्री बाजूला सारून खालचा रस्सा द्या' म्हटलं की पुष्कळ फरक पडतो, आणि चांगल्या भोजनालयात ही मागणी कुणी वावगी मानत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तिखट म्हणजे दर्जा ही समजूत सोडली पाहिजे. जिभेला बधिर करणाऱ्या तिखटाआड शिळं मटणही खपून जातं. ज्या रश्श्यात मिरचीनंतर मिरी, खोबरं आणि हाडाची चव वेगवेगळी लागते, तो रस्सा रांधणाऱ्याला लपवायचं काही नाही असं समजावं.

दुसरा आक्षेप बायकांकडून येतो आणि तो मी सर्वांत गंभीर मानते. मटणाच्या हॉटेलात बाटल्या उघडलेल्या असतात, नजरा असतात, मोठ्याने बोलणं असतं. घरच्या बाईला घटकाभर निवांत बसता येत नसेल तर त्या जेवणाला काय अर्थ? आपल्या दोन जिल्ह्यांना या प्रश्नाचा इतिहास आहे. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात श्रमिक एल्गारसारख्या संघटनेसोबत गावोगावच्या बायका रस्त्यावर उतरल्या आणि 1 एप्रिल 2015 पासून जिल्ह्यात बंदी आली. 2021 मध्ये ती उठवण्यात आली. बंदी असावी की नसावी यावर मतभेद आहेत आणि ते इथं सोडवता येणार नाहीत. जेवणाच्या जागेपुरता हिशेब मात्र साफ आहे. ज्याची कमाई दारूतून होते त्याच्यासाठी मटण हा चकना असतो. तो खारट, कोरडा, तळलेला असला तरी चालतो, आणि गिऱ्हाईक जितका वेळ बसेल तितकं मालकाला बरं. ज्याची कमाई ताटातून होते त्याला रस्सा जपावा लागतो. म्हणून 'भोजनालय' आणि 'बार अँड रेस्टॉरंट' या दोन पाट्यांमधला फरक मोलाचा आहे. दाराशी क्षणभर थांबून पाहावं. बायका-मुलं जेवत बसली आहेत का, पडद्याआडच्या कोंदट 'फॅमिली रूम'मध्ये न ढकलता त्यांना पंख्याखालचं, उजेडातलं टेबल दिलं जातं का? कुटुंबाला मागच्या अंधाऱ्या खोलीत पाठवणारी जागा आपल्यासाठी नाही.

तिसरा आक्षेप स्वच्छतेचा. जुन्या भोजनालयाच्या भिंती धुरकट, बाकं झिजलेली. त्यापेक्षा काचेचं दार बरं, असं वाटणं साहजिक आहे. पण धूर ही घाण नव्हे. हात धुवायच्या जागी साबण आणि वाहतं पाणी आहे का, ताटं कशा पाण्यात विसळली जातात, गंज आचेवर आहे की गार पडला आहे, वाढणाऱ्याची नखं आणि फडकं कसं आहे, एवढं दोन मिनिटांत दिसतं. अन्नसुरक्षेच्या 2006 च्या कायद्याखाली मिळणारा चौदा अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. तो कागद नसेल तर विचारण्यात संकोच कसला? एक बारकावा खिम्याबद्दल. अखंड तुकड्यात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात. मांस बारीक केलं की ते सगळीकडे मिसळतात. त्यामुळे खिमा पूर्ण शिजलेला आणि त्याच दिवशीचा असल्याची खात्री नसेल तर तो टाळून हाडाचं मटण मागवावं.

जंगलाच्या जिल्ह्यात आणखी एक मोह असतो आणि त्याबद्दल मऊ बोलणं मला जमत नाही. ताडोबाच्या वाटेवर येणाऱ्या पाहुण्याला कुणीतरी कानात सांगतं की अमुक ढाब्यावर रानडुक्कर मिळतं, चितळ मिळतं, तेच खरं इथलं मटण. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या शिकारीला आणि असं मांस विकायला गुन्हा ठरवलं आहे, आणि त्याची झळ खाणाऱ्यालाही बसू शकते. शिवाय या मांसाची कुणी तपासणी केलेली नसते, ते कधी मारलं हेही माहीत नसतं, आणि रानडुकराच्या मांसातून कृमी अंगात शिरण्याचा धोका वेगळाच. इथली खरी चव हवी असेल तर तलावातला मासा आहे. माजी मालगुजारी तलावांच्या या मुलखात ढिवरांनी पहाटे काढलेला मासा दुपारी रश्श्यात असतो, आणि गंजाचा नियम त्यालाही तंतोतंत लागू पडतो.

या नियमाला अपवाद आहे तो गर्दीच्या सणांचा. धुळवड, आखाडी आणि श्रावण संपल्यावरचे पहिले रविवार. त्या दिवशी एकाऐवजी चार-पाच बोकड लागतात, हात अपुरे पडतात, आच वाढवली जाते आणि मटण शिजण्याआधीच संपतं. गंज रिकामा होतो खरा, पण तो घाईने रिकामा झालेला असतो, आणि हाडाला घट्ट चिकटलेला तुकडा ते सांगतोच. अशा दिवशी घरीच रांधावं. एरवी मूलकराने चंद्रपुरात साडेबारा-एकच्या सुमाराला बसावं. तेव्हा गंज अर्ध्यावर असतो, रस्सा मुरलेला असतो, वाढणारा अजून दमलेला नसतो. आधी बसू शकत नसाल तर काम सुरू करण्यापूर्वी सकाळी भोजनालयात डोकावून 'आमची पाच ताटं ठेवा' सांगून जावं. मोजून रांधणारा माणूस ती संख्या लक्षात ठेवतो, आणि अडीचला पोहोचलं तरी तेवढी ताटं त्याने बाजूला काढून ठेवलेली असतात.