'डॉन' (१९७८) आणि 'डॉन' (२००६) : पुनर्निर्मिती, रहस्य आणि प्रेक्षकाची स्मृती

एखाद्या रहस्यपटाची पुनर्निर्मिती करणे हा वरवर पाहता स्वतःलाच छेद देणारा उद्योग आहे. पौराणिक कथा किंवा प्रेमकथा प्रेक्षकाला ठाऊक असली तरी तिच्या रसास्वादात बाधा येत नाही. उलट परिचित प्रसंग नव्या नटाच्या मुखातून ऐकण्याचा आनंद वेगळाच असतो. रहस्यपटाचे तसे नसते. गुन्हेगार कोण आणि मुखवट्याआड कोण, हे ज्याला आधीच माहीत आहे त्याच्यापुढे तीच कथा पुन्हा मांडून काय साधावयाचे? चंद्रा बारोट दिग्दर्शित 'डॉन' (१९७८) आणि फरहान अख्तर दिग्दर्शित 'डॉन' (२००६) या दोन चित्रपटांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. २००६च्या चित्रपटाने या प्रश्नाला दिलेले उत्तर बुद्धिमान आहे. मात्र त्या उत्तराची किंमत कथेतील एका माणसाला मोजावी लागली आहे आणि चित्रपटाविषयीच्या चर्चेत त्या माणसाचा उल्लेख फारसा होत नाही.

प्रथम मूळ चित्रपटाविषयी. सलीम-जावेद यांच्या पटकथेवरील हा चित्रपट मे १९७८मध्ये प्रदर्शित झाला. निर्माते नरिमन इराणी हे व्यवसायाने छायालेखक. पूर्वीच्या एका चित्रपटाच्या अपयशामुळे ते कर्जात बुडाले होते आणि त्यांना सावरण्यासाठी सहकाऱ्यांनी हा चित्रपट उभा केला. तो पूर्ण होण्यापूर्वीच, दुसऱ्या एका चित्रपटाच्या चित्रीकरणस्थळी झालेल्या अपघातात इराणी यांचे निधन झाले. बारोट यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट होता. २०२५मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हाही त्यांची ओळख 'डॉन'चे दिग्दर्शक अशीच सांगितली गेली. चित्रपटात काटकसरीच्या खुणा जागोजागी दिसतात, आणि तरीही त्याची गती आजच्या प्रेक्षकालाही थक्क करते.

कथानक बहुतेकांना परिचित आहे. तस्करांच्या टोळीचा सूत्रधार डॉन पोलिसांच्या पाठलागात जखमी होऊन मरण पावतो. उपअधीक्षक डिसिल्वा (इफ्तेखार) त्याचा मृत्यू गुप्त ठेवतात आणि हुबेहूब त्याच्यासारखा दिसणाऱ्या विजय नावाच्या रस्त्यावरच्या कलावंताला त्याच्या जागी टोळीत पाठवितात. विजय दोन पोरक्या मुलांचा सांभाळ करीत असतो. त्यांच्या शिक्षणाची सोय होईल या आश्वासनावर तो या जीवघेण्या कामाला तयार होतो. पुढे छाप्याच्या वेळी डिसिल्वा मारले जातात. विजय कोण आहे हे जाणणारा एकमेव साक्षीदार नाहीसा होतो. पोलीस त्याला डॉन समजतात, टोळीला तो पोलिसांचा हस्तक असल्याचे कळते आणि आपले निरपराधित्व सिद्ध करण्यासाठी त्याला आधार उरतो तो एका लाल डायरीचा.

या रचनेतील महत्त्वाचा विशेष असा की प्रेक्षकापासून येथे जवळजवळ काहीच लपविलेले नाही. डॉनचा मृत्यू आपण पाहतो, विजयची तालीम पाहतो, स्मृतिभ्रंशाची बतावणीही पाहतो. आल्फ्रेड हिचकॉक यांनी आश्चर्य आणि उत्कंठा यांत केलेला भेद सर्वश्रुत आहे : टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर क्षणभराचे आश्चर्य, तो तेथे असल्याचे प्रेक्षकाला आधी कळले तर दीर्घकाळ टिकणारी उत्कंठा. १९७८चा 'डॉन' हा या दुसऱ्या जातीचा चित्रपट आहे. प्रेक्षक विजयच्या बाजूने सर्व काही जाणतो, परंतु त्याला साक्ष देता येत नाही. या अगतिकतेतून थरार निर्माण होतो. लपविलेली गोष्ट मुख्यतः एकच. इंटरपोलचा अधिकारी म्हणून वावरणारा मलिक (ओम शिवपुरी) हाच टोळीचा मोठा सूत्रधार वर्धान आहे आणि खरा मलिक त्याच्या कैदेत आहे.

आता २००६च्या चित्रपटाकडे वळू. दिग्दर्शक फरहान अख्तर हे मूळ पटकथाकारांपैकी जावेद अख्तर यांचे पुत्र. नव्या चित्रपटाची गीते खुद्द जावेद अख्तर यांनी लिहिली. म्हणजे ही एका अर्थाने घरचीच कथा. कथा मुंबईहून मलेशियात गेली, लाल डायरीच्या जागी संगणकाची तबकडी आली, सोन्याच्या तस्करीचा काळ सरून अमली पदार्थांचा आंतरराष्ट्रीय व्यापार आला. या बदलांना सामाजिक कारण आहे. १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९०मध्ये रद्द झाला, पाठोपाठ उदारीकरण आले आणि किनाऱ्यावर माल उतरविणाऱ्या तस्कराभोवतीचे गूढ वलय विरले. जुन्या डॉनने मिरविलेली अकरा देशांच्या पोलिसांची बढाई १९७८मध्ये बरीचशी शोभेची होती. कथा घडत होती ती मुख्यतः मुंबईच्या रस्त्यांवर. २००६मध्ये त्या बढाईला शोभेल असा परदेशी भूगोल प्रत्यक्ष पडद्यावर आला. हे बदल लक्षणीय असले तरी अखेर वरवरचे आहेत. पोशाख, मोटारी आणि यंत्रे यांची तुलना करण्यात अनेक समीक्षकांनी बरीच शाई खर्च केली आहे. तिची पुनरुक्ती येथे नको.

खरा बदल अन्यत्र आहे. फरहान अख्तर यांनी गृहीत धरले की आपला प्रेक्षक मूळ चित्रपट पाहून आलेला आहे आणि हे गृहीतकच त्यांनी रहस्याचे साधन केले. जुना चित्रपट पाहिलेला प्रेक्षक मलिक या नावाभोवती संशय घेऊनच प्रेक्षागृहात बसतो. नव्या चित्रपटात ही भूमिका ओम पुरी करतात. प्रेक्षक मनातल्या मनात हसतो की आपल्याला सारे ठाऊक आहे. प्रत्यक्षात हा मलिक प्रामाणिक अधिकारी निघतो आणि वर्धान ठरतो तो डिसिल्वा (बोमन इराणी), ज्याच्यावर मूळ कथेत विजयचे अवघे अस्तित्व विसंबून होते. इफ्तेखार यांनी 'इत्तेफाक', 'जंजीर' अशा चित्रपटांतून पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिका इतक्या वेळा केल्या होत्या की त्यांचा चेहरा हीच सचोटीची हमी झाली होती. ती हमी प्रेक्षकाने डिसिल्वा या नावाबरोबर २००६पर्यंत आणली आणि दिग्दर्शकाने तिचाच वापर करून त्याला फसविले. मूळ चित्रपट न पाहिलेल्या प्रेक्षकाला येथे केवळ एक कलाटणी दिसते. पाहिलेल्याला आपल्याच स्मृतीने आपला घात केल्याचा अनुभव येतो.

दुसरी कलाटणी अधिक खोल आहे. डॉन मेलाच नव्हता. रुग्णालयात विजयच्या अंगावर डॉनच्या खुणा शस्त्रक्रियेने उमटविल्या जात असताना डॉनला डिसिल्वाचा डाव समजतो आणि तो जागा बदलतो. मरतो तो विजय. त्यानंतर पडद्यावर आपण ज्याला विजय समजत आलो तो डॉनच असतो, हे अगदी शेवटी उघड होते. जुन्या चित्रपटात अमिताभ बच्चन यांच्या अभिनयाचे दोन स्तर होते : विजय, आणि डॉनची बतावणी करणारा विजय. शाहरुख खान यांना तिसरा स्तर पेलावा लागला : डॉन, जो विजयची बतावणी करतो आहे आणि तो विजय पुन्हा डॉनची बतावणी करतो आहे. चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना ही गुंतागुंत मनोरंजक वाटते. बनारसी पानाच्या गाण्याचेच उदाहरण घ्या. मूळ चित्रपटातील पुरबी बोलीचे, किशोरकुमारांच्या आवाजातील ते गाणे चित्रपट पूर्ण होत आल्यावर, उत्तरार्धातील ताण सैल व्हावा म्हणून मनोजकुमार यांच्या सूचनेवरून घालण्यात आल्याचे सांगितले जाते. परंतु त्याचे कार्य केवळ विसाव्याचे नाही. टोळीच्या संथ, धारदार हिंदीत कोंडलेला विजय तेथे आपल्या मूळ बोलीत परततो. माणूस स्वतःकडे परत आल्याची ती खूण आहे. नव्या चित्रपटात तेच गाणे येते तेव्हा गाणारा विजय नसतोच. गावरान मोकळेपणाचे ते एका निर्घृण माणसाने केलेले सोंग असते.

येथे या तुलनेच्या गाभ्याशी आपण पोहोचतो. सलीम-जावेद यांच्या पटकथांमधून 'विजय' हे नाव पुन्हा पुन्हा येते. 'जंजीर'चा पोलीस निरीक्षक विजय, 'दीवार'चा गोदी कामगार विजय, 'त्रिशूल'चा अनौरस पुत्र विजय. 'त्रिशूल' तर 'डॉन'च्याच महिन्यात प्रदर्शित झाला. ही सारी माणसे व्यवस्थेच्या बाहेर किंवा तिच्या काठावर उभी आहेत. 'डॉन'मधला विजय त्यांत सर्वांत निरुपद्रवी. त्याला सूड घ्यावयाचा नाही, कोणाचे साम्राज्य उलथवावयाचे नाही. दोन मुलांना शाळेत घालता यावे, एवढीच त्याची मागणी आहे. राज्ययंत्रणा त्याला वापरते, आणि तिचा एकमेव सज्जन प्रतिनिधी मरताच ती त्याला ओळखेनाशी होते. आणीबाणी उठल्यानंतर अवघ्या वर्षाभरात आलेल्या या चित्रपटात, कागदावरचा पुरावा नसेल तर माणूस कोणीही ठरविला जाऊ शकतो, ही भीती आहे. लेखकांना ती जाणीवपूर्वक अभिप्रेत होती असा दावा मी करणार नाही. पण डायरीसाठीची विजयची जिवाच्या आकांताची धावपळ पाहताना ती जाणवल्यावाचून राहत नाही. अखेरीस वर्धान जी डायरी जाळतो ती नकली निघते, खरी पोलिसांच्या हाती पडते, आणि विजय पुन्हा विजय ठरतो.

२००६च्या चित्रपटातही विजयची ओळख आस्थेने करून दिली आहे. मुंबईच्या गणेशोत्सवाच्या गर्दीत नाचणारा, दीपू या मुलाला सांभाळणारा हा तरुण मराठी प्रेक्षकाला आपल्याच वस्तीतला वाटावा अशी योजना आहे. डिसिल्वा त्याला मुलाच्या भवितव्याची हमी देतो आणि तो परदेशी जातो. यानंतर थोड्याच वेळात त्याचा मृत्यू होतो, तोही पडद्याआड. त्या क्षणी प्रेक्षकाला तो समजत नाही. समजतो तेव्हा चित्रपट संपत आलेला असतो आणि प्रेक्षक डॉनच्या चातुर्याला दाद देण्यात गुंतलेला असतो. दीपूला जन्मदाता पिता जसजीत भेटतो, परंतु त्याला वाढविणाऱ्या माणसासाठी चित्रपटात कोणीही अश्रू ढाळीत नाही. रोमाला सत्य उमगते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर फसवणुकीचा धक्का दिसतो. तो आपण फसल्याचा धक्का आहे, विजय गेल्याचा नव्हे. प्रेक्षागृहात टाळ्या पडल्या त्या डॉनला. २०११च्या उत्तरभागात तर त्याचेच नायकपद निर्विवाद झाले.

नव्या काळाला, परदेशी स्थळांना आणि चकचकीत मांडणीला हा शेवट अपरिहार्यच होता, असे कोणी म्हणेल. तसे दिसत नाही. मूळ 'डॉन'वरून १९८०मध्ये रजनीकांत यांचा तमिळ 'बिल्ला' निघाला होता. त्याची पुनर्निर्मिती २००७मध्ये, अजित कुमार यांना घेऊन झाली. हा चित्रपटही मलेशियात घडतो, त्याचीही मांडणी गुळगुळीत आणि शीतल आहे, पोशाखांचा डौल तर हिंदीहून अधिक. तरीही त्यात पोलीस अधिकारी प्रामाणिकच राहिला, कपटी इंटरपोल अधिकारी कायम राहिला, आणि गुन्हेगाराच्या जागी गेलेला साधा माणूस अखेरपर्यंत जगला. अर्थात रहस्य म्हणून तो चित्रपट जुन्या प्रेक्षकाला काहीही नवे देत नाही, हेही मान्य करावयास हवे. एकाच वर्षाच्या अंतराने आलेल्या या दोन पुनर्निर्मितींपैकी एकीने माणूस राखला आणि रहस्य गमावले, तर दुसरीने उलट केले.

माझे स्वतःचे मत मूळ चित्रपटाकडे झुकते. मात्र त्याचे कारण पूर्वस्मृतींचा जिव्हाळा हे नाही. जुन्या 'डॉन'मध्ये ढिसाळ जागा पुष्कळ आहेत. योगायोगांची तर रेलचेल आहे, आणि रोमा (झीनत अमान) ज्या निर्धाराने टोळीत शिरते त्या निर्धाराला उत्तरार्धात पुरेसे काम मिळत नाही. फरहान अख्तर यांची पटकथा बांधेसूद आहे आणि जुन्या कृतीशी वाद घालण्याचे धाडस तिच्यात आहे. हिंदीतील बहुसंख्य पुनर्निर्मितींत ते आढळत नाही. प्रश्न कौशल्याचा नसून कौशल्य कोणाच्या पारड्यात टाकले याचा आहे.

माध्यमांतर आणि पुनर्निर्मिती हे विषय आता अनेक ठिकाणी साहित्याच्या अभ्यासक्रमात आले आहेत आणि हे दोन चित्रपट वर्गात शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. २००६चा चित्रपट आधी पाहिलेल्या विद्यार्थ्यांना १९७८चा शेवट भाबडा वाटतो. ते अखेरच्या दृश्यापर्यंत अमिताभ बच्चन यांच्या चेहऱ्यावर दुसऱ्या माणसाची खूण शोधत राहतात. अशा वेळी त्यांना उलट दिशेचा एक स्वाध्याय देता येतो : नव्या चित्रपटात विजय जिवंत असल्याचे शेवटचे दृश्य कोणते, ते शोधून त्याची वेळ नोंदवा. रुग्णालयातल्या त्या पलंगापर्यंत चित्रपट मागे न्यावा लागतो. कोठे थांबावे यावर वर्गात मतभेद होतात, आणि एरवी एवढ्या चाणाक्ष असलेल्या चित्रपटात त्या माणसाचा निरोप घेणारे एकही दृश्य नाही, हे तेव्हा विद्यार्थ्यांच्याच लक्षात येते.