समुद्रापलीकडचे न्यायासन

सिंदी (रेल्वे) येथील एखाद्या गृहस्थावर उद्या खुनाचा आरोप आला, तर त्याचा भाऊ पहिल्या गाडीने वर्ध्यास जाऊन वकील गाठील, जामिनाचा अर्ज देईल, आणि तेथे दाद लागली नाही तर नागपुरास हायकोर्टाची पायरी चढेल. ही वाट आमच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिचे मोल ध्यानी येत नाही. ज्या सत्तेस न्याय करावयाचा नसून केवळ निकाल लावावयाचा असतो, ती प्रथम ही वाटच तोडते.

अमेरिकेने ग्वांटानामो येथे हेच केले. क्यूबाच्या भूमीवरील हा आरमारी तळ १९०३ च्या करारान्वये तिच्या ताब्यात आहे. सार्वभौमत्व क्यूबाचे, अंमल अमेरिकेचा. जानेवारी २००२ पासून तेथे कैदी आणून ठेवले, आणि ही परभूमी असल्याने आमच्या न्यायालयांचा हुकूम येथे चालत नाही, असे सरकारने प्रतिपादिले. भाडेकरूने किल्ली कमरेस लावावी आणि बेलिफ आला की घर मालकाचे म्हणून सांगावे, त्यातलाच हा प्रकार! २००६ साली तेथील सुप्रीम कोर्टाने अध्यक्षांच्या हुकुमाने नेमलेली लष्करी न्यायमंडळे बेकायदा ठरविली. काही महिन्यांतच अमेरिकन काँग्रेसने कायदा करून ती पुन्हा उभी केली.

हा डाव वर्धा जिल्ह्यास अपरिचित नाही. ऑगस्ट १९४२ मधील आष्टीचे खटले नेहमीच्या सेशन्स कोर्टात न चालता वटहुकुमी विशेष न्यायालयांत चालले. ती न्यायालये लष्करी नव्हती. पण कोणता आरोपी कोणापुढे उभा करावा, हे सर्वस्वी अधिकाऱ्यांच्या मर्जीवर होते. याच कारणास्तव फेडरल कोर्टाने जून १९४३ मध्ये त्या वटहुकुमाची मुख्य कलमे अवैध ठरविली. सरकारने लागलीच दुसरा वटहुकूम काढून झालेल्या शिक्षा सावरून धरल्या! आष्टी-चिमूरच्या फाशीच्या कैद्यांचे प्राण वाचले, ते अनसूयाबाई काळे प्रभृतींनी चालविलेल्या चळवळीमुळे.

तरी ते कैदी याच मुलुखात होते. गोव्यात पोर्तुगीजांनी १९४६ साली त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांस लष्करी न्यायाधिकरणापुढे उभे केले आणि आठ वर्षांची शिक्षा देऊन थेट पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात धाडले. सांगलीचे मोहन रानडे १९५५ साली पकडले गेले; त्यांस २६ वर्षांची सजा झाली. गोवा १९६१ साली मुक्त झाला, पण रानडे लिस्बनजवळच्या काशियश तुरुंगातून सुटले ते १९६९ च्या जानेवारीत.

कोणी म्हणेल, २००१ साली सुमारे तीन हजार निरपराध माणसे मारणाऱ्यांचा एवढा कळवळा कशास? कळवळा आम्हांस त्या मृतांच्या आप्तांचाही आहे. त्याच कटातील झकारियास मूसावी याचा खटला व्हर्जिनियातील साध्या दिवाणी सत्तेच्या न्यायालयात चालून २००६ सालीच त्यास जन्मठेप झाली. तळावरील मुख्य आरोपींवर मात्र २०१२ साली आरोप वाचले गेले, आणि गुप्त तुरुंगांत छळ करून मिळविलेले जबाब पुराव्यात घ्यावे की नाही, अशा वादांतच २०२४ साल सरले. प्रत्यक्ष साक्षीपुराव्यास तोवर प्रारंभही झाला नव्हता.