87 पट लहान रेल्वे आणि माझं बंद पडलेलं दुकान

ट्रेनिंगच्या कामानं बोरी अरबहून पुण्याला गेलो, तेव्हा कोथरूडमधलं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम पाहिलं. गाड्या खऱ्यापेक्षा 87 पट लहान. सिग्नल, दिवे सगळं चालू. आमच्या यवतमाळची शकुंतला आठवली, लहान पोरासारखा बघत बसलो.

पण डोक्यात राहिलं वेगळंच. भाऊ जोशींचा उपकरणं बनवायचा व्यवसाय होता. रेल्वेचा छंद त्यांनी वर्षानुवर्षं जपला आणि 1998 मध्ये म्युझियम लोकांसाठी उघडलं. मी नेमकं उलटं केलं. पहिलं दुकान जेमतेम सावरत होतं, तोच हौसेपायी कर्ज काढून गिफ्ट शॉप थाटलं. आठ महिन्यांत शटर खाली! हप्ता अजून जातो, दर पाच तारखेला.