सड्यावरची पांढरी बटणे

भाद्रपदात रत्नागिरीजवळच्या एखाद्या कातळसड्यावर गेलात, तर ओल्या कातळावर कोणी पांढरी बटणे विखुरली आहेत की काय, असे वाटेल. वीतभर किंवा त्याहूनही बुटक्या काडीच्या टोकावर एकेक बटण! हा गेंद. मी भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस. कित्येक वर्षे मी त्याला 'कसलेसे गवत' म्हणत असे. ते चूक होते, हे तुम्हालाही बोटांनी पडताळता येईल.

काडी चिमटीत धरून फिरवा. गवताच्या काडीला पेरे लागतात. लव्हाळ्याची काडी बहुधा तिधारी लागते. गेंदाच्या दांड्याला पेरे नाहीत. त्यावर बारीक उभे कंगोरे असतात आणि तो किंचित पिळलेला असतो. सपाट पत्र्यापेक्षा नालीदार पत्रा कमी वाकतो ना? तीच युक्ती येथे आहे. म्हणूनच इतका बारीक दांडा वाऱ्यापावसात उभा राहतो.

आता बटण भिंगातून पाहा. ते एक फूल नव्हे. दाटीने बसलेल्या अनेक इवल्या फुलांचा तो गुच्छ आहे. त्यांत काही फुले नर, तर काही मादी. फुलांवरचे सूक्ष्म केस प्रकाश सर्व दिशांना विखुरतात, म्हणून बटण पांढरेशुभ्र दिसते. परागकोशांचा रंग, बियांवरची नक्षी अशा बारीक खुणांवरून वनस्पतिशास्त्रज्ञ गेंदाच्या जाती वेगळ्या करतात.

या प्रजातीला लिनियसने 1753 साली एरिओकॉलॉन हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'लोकरी दांडा'. तिच्यावरून कुलाचे नाव एरिओकॉलेसी. या कुलात जगभर सुमारे 1,200 जाती असून त्यांतील बहुसंख्य अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात आहेत. गंमत अशी, की आधुनिक वर्गीकरणात हे कुल, गवत, लव्हाळा आणि अननससुद्धा एकाच गणात येतात. म्हणजे गेंद गवत नसला, तरी गवताचा भाऊबंद आहे!

पण पाणी साचलेल्या चिखलात त्याची मुळे गुदमरत कशी नाहीत? ऑक्सिजनचे विसरण हवेत जितके जलद होते, त्याच्या सुमारे दहा हजारपट मंद ते पाण्यात होते. त्यावर गेंदाचा उपाय सोपा आहे. त्याची पांढरी मुळे हवेच्या पोकळ्यांनी भरलेली असतात. पानांकडून आलेली हवा त्यांतून थेट मुळांच्या टोकांकडे जाते.

पाऊस सरला, की सड्यावरचे बहुतेक गेंद बी टाकून सुकतात. ते बी कातळाच्या खळग्यांतील मूठभर मातीत पुढच्या मृगाची वाट पाहते. उन्हाळ्यात सडा पाहणाऱ्याला तो ओसाड वाटतो. मग चिरेखाणीसाठी किंवा बांधकामासाठी वरचा थर खरवडला जातो आणि मातीबरोबर बीही जाते. एका जातीचे तर नावच एरिओकॉलॉन रत्नागिरिकम आहे. आपल्या जिल्ह्याचे नाव धारण करणारी वनस्पती आपल्यालाच ठाऊक नसावी, हे बरे नव्हे.

येत्या भाद्रपदात भिंग घेऊन सड्यावर जा. झाड उपटू नका. गुडघे टेकून पाहा. मग त्याला 'कसलेसे गवत' म्हणणार नाही.